बिनखुणेचा इलाज

वर्षाराणीच्या दुसऱ्या बाळंतपणात कमरेतून दिलेली भूल वर चढली आणि तिचा श्वास थांबला. लातूरच्या त्या दवाखान्यात बाळ बाहेर आलं होतं, टाहो फोडत होतं, आणि आई मात्र निळी पडत चालली होती. डॉक्टरांनी घाईनं घशात नळी घातली. दीड दिवस ती यंत्राच्या श्वासावर होती. सिझेरियनच्या वेळीच नसबंदी उरकून टाकायची असं आधी ठरलं होतं, पण त्या धावपळीत ते राहून गेलं. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लाल पेनानं लिहून दिलं, की पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली तर हा कागद आधी दाखवावा.

वर्षाराणी वाचली. बाळही चांगलं होतं. त्याचं नाव शिवांश ठेवलं. पण टेबलावरचे ते काही क्षण तिच्यात बसून राहिले. जाग होती आणि छाती हलत नव्हती, ओरडायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना मधेच ते आठवायचं आणि हात तिथंच थांबायचा.

सासर औशाजवळच्या चिंचोलीत. घरात नवरा बजरंग, सासू केवळाबाई, चार वर्षांची मुलगी आणि आता शिवांश. सासरे शेषेराव सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून शेती बजरंग एकटाच पाहत होता. खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. माणूस कमी बोलणारा, पण घरातल्या कुणाचं तोंड उतरलं तर त्याला लगेच कळायचं.

शिवांश आठ महिन्यांचा झाला तरी वर्षाराणी पोरांना घेऊन सासूच्याच खोलीत निजत होती. आधी बाळंतपणाचं निमित्त होतं, मग बाळाच्या रडण्याचं. निमित्तं संपत आली तशी ती बजरंगची नजर चुकवायला लागली. तिसऱ्यांदा दिवस गेले तर पुन्हा तेच टेबल, तीच कमरेतली सुई. एकदा पाण्याचा तांब्या देताना त्याच्या बोटाला बोट लागलं आणि तिनं हात झटकन मागं घेतला. बजरंग पाणी न पिताच बाहेर गेला.

दिवाळी झाल्यावर गावातल्या आशा कार्यकर्ती पार्वतीबाई घरी आल्या.

"वर्षा, पुढल्या बुधवारी शिबिर हाय. तुजं नाव लिवू का?"

"मला सुरी नको, ताई. अन् भूल तर नकोच नको."

"मग तांबी बसवून घे."

"तांबी कायमची असती का?"

"दहा वर्सं चालती की."

"मला कायमचं पायजे. एकदा करायचं अन् पुन्हा त्याचा इचारच करायचा न्हाई. पर कापायचं न्हाई."

पार्वतीबाईंनी वही मिटली. "असलं काही माज्या वहीत न्हाई बाई," त्या म्हणाल्या आणि शिवांशचा गालगुच्चा घेऊन पुढच्या घरी गेल्या.

वहीत नसलं तरी मोबाईलमध्ये असेल, असं वर्षाराणीला वाटलं. बजरंग शेतात गेल्यावर तिनं मोबाईल तोंडाजवळ धरून विचारलं, "बिनाऑपरेशन बायकांची कायमची नसबंदी." आधी एक परदेशी बाई दिसली. ती प्लास्टिकच्या गर्भाशयात एक बारीक स्प्रिंग बसवून दाखवत होती. ती काय सांगते ते कळत नव्हतं. व्हिडिओ किती वर्षांपूर्वीचा आहे, तेही वर्षाराणीनं पाहिलं नाही. त्याच्या खाली मात्र मराठीत जाहिरात होती. चीर नाही, टाके नाहीत, आयुष्यभराची खात्री. पत्ता नांदेडचा, आणि एक नंबर.

तिनं गोठ्यामागं जाऊन फोन लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात बोलली. भूल लागत नाही, पाच मिनिटांचं काम, तासाभरात घरी.

"पर करतेत काय नेमकं?"

"काही नाही हो ताई, आतून गोळ्या ठेवतात. महिन्यानं अजून एकदा यायचं. झालं. गुरुवारी मोकळं आहे."

"आतून गोळ्या?" वर्षाराणीनं पुन्हा विचारलं. "अन् खूण बी राहत न्हाई? बरं. येते गुरुवारी."

फोन ठेवून ती वळली तर केवळाबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. हातात पेंडीचं घमेलं होतं. म्हशीनं दोनदा मान पुढं केली तरी ते खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कुठं निघालीस?"

"माहेरी. नांदेडला. आईला बरं न्हाई."

"मी बी येते," केवळाबाई म्हणाल्या, आणि घमेलं म्हशीपुढं ठेवून आत गेल्या.

गुरुवारी मुलीला बजरंगजवळ ठेवून सासूसून निघाल्या. औशाहून लातूर, लातूरला नांदेडची गाडी. शिवांश वर्षाराणीच्या मांडीवर होता. लातूर सुटलं तरी केवळाबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. एरवी त्या गाडीत शेजारच्या अनोळखी बाईचंही गाव, जात, लेकरं विचारून घ्यायच्या. अहमदपूरला गाडी पाच मिनिटं थांबली. पुढच्या बाकावरची माणसं उतरली. गाडी पुन्हा चालू झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"तुजी आई बरी हाय ना?"

वर्षाराणीनं मान खाली घातली. "बरी हाय."

"मला ठावं हाय तू कुठं निघालीस ते. मी रागं भरणार न्हाई. पर आधी मपलं ऐक. मग तुला वाटंल ते कर."

आणि त्या सांगू लागल्या.

केवळाबाईंचं माहेर नांदेडच्याही पलीकडचं, इस्लापूरचं. लग्न होऊन एवढ्या लांब औशाकडं आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. पाठोपाठ तीन मुली झाल्या. तिसरीच्या वेळी घरीच बाळंत झाल्या आणि रक्त थांबेना. दोन महिने अंथरुणात होत्या. सुईणीनं सासूला सांगितलं, की आता हिला जपा. पण शेषेरावांना मुलगा पाहिजे होता, सासूला तर त्याहून जास्त. ऑपरेशनचा विषय काढला की घरात भांडण व्हायचं. माहूरच्या रेणुकेला नवस बोललेला होता.

"त्यात माज्या थोरल्या बहिणीचं शिबिरात ऑपरेशन झालतं. टाके पिकले. तीन महिने बेजार झाली. म्हणून मला सुरीचं बी भ्या होतं. अन् सुरीची खूण राहती. खूण राहिली म्हंजी घरी कळंल."

पंचमीला त्या माहेरी गेल्या होत्या. तिथं एका ओळखीच्या बाईनं कानात सांगितलं, की नांदेडला एक डॉक्टर आहे, तो काहीच कापत नाही. सात गोळ्या ठेवतो. कुणाला पत्ता लागत नाही. केवळाबाई दुसऱ्या दिवशी गाडीत बसून नांदेडला गेल्या.

"एवढ्या एवढ्याशा गोळ्या," त्यांनी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं. "कसल्या हायत, इचारलं न्हाई. त्यानं बी सांगितलं न्हाई. कागद न्हाई, अंगठा न्हाई. जाताना म्हणाला, बाई, आता जन्मभर मोकळी झालीस. वाटंतच पोटात आग पडली. आठ दिवस पिवळं पाणी जात होतं. आईला म्हणलं, पाळी बिघडली. महिन्यानं पुन्हा काहीतरी निमित्त काढून गेले अन् पुन्हा ठेवून घेतल्या."

"मग?"

"मग दीड वर्स काही न्हाई. पाळी बी कमी झालती. मी म्हणलं, झालं, सुटले. अन् मग एकदा पाळी चुकली."

वर्षाराणीनं त्यांच्याकडं पाहिलं. शिवांशनं आजीच्या बांगडीला हात घातला होता. केवळाबाईंनी तो सोडवला नाही.

"बजरंग," त्या म्हणाल्या.

गाडी लोह्याच्या अलीकडच्या चढाला लागली होती.

"नऊ महिने मी कशी काढली ते मलाच ठावं. वाटायचं, ज्या औषधानं माजं आत जळलं, त्यानं पोराचं काय झालं आसंल? डोळे आसतील का न्हाई? हात आसतील का? घरात सगळी खुशीत. सासूनं माहूरचा नवस फेडायची तयारी केलती. मी कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं आसतं तर त्यानं घराबाहेर काढलं आसतं. झाला तेव्हा आधी त्याची बोटं मोजली. मग रडले. सगळ्यांला वाटलं, पोरगा झाला म्हणून रडली."

"आत्याबाई, कुणालाच बोलला न्हाईत?"

"आज तुला बोलले."

नांदेडला उतरल्यावर वर्षाराणी म्हणाली, "आता न्हाई जायचं तिथं. परत फिरू." पण केवळाबाई थांबल्या. "न्हाई. मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

जागा एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होती. एक खोली, मधे हिरवा पडदा, टेबलामागं फोनवरचीच ती गोड आवाजाची बाई. भिंतीवर डॉक्टरचं नाव नव्हतं. बाईनं वर्षाराणीला बसायला सांगितलं आणि वही उघडली.

"डॉक्टर कोण हाय?" केवळाबाईंनी विचारलं.

"येतील आता."

"गोळ्या कसल्या हायत?"

"बाहेरून येतात, मावशी. लई भारी असतात."

"त्येंचं नाव सांगा. कागदावर लिवून द्या. उद्या काही झालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला कागद पायजे का न्हाई?"

"असं कागदाबिगदाचं नसतं हो मावशी. तुम्हाला करायचं नसेल तर राहू द्या. मागे बायका थांबल्यात."

मागे कुणीच थांबलेलं नव्हतं. केवळाबाईंनी पडद्याकडं एकदा पाहिलं. "किती गोळ्या ठेवता? सात का?"

बाईच्या हातातलं पेन थांबलं. केवळाबाईंनी सुनेचा दंड धरला आणि दोघी जिना उतरल्या. खाली आल्यावर केवळाबाई रसाच्या गाड्यापाशी बाकावर बसल्या. वर्षाराणीनं पाणी दिलं.

"एवढ्या लांब आलोच हाव," थोड्या वेळानं वर्षाराणी म्हणाली, "तर सरकारी दवाखान्यात इचारून जाऊ. खऱ्या डॉक्टरला."

तिथं सौदामिनी नावाच्या पन्नाशीतल्या डॉक्टर होत्या. तासभर रांगेत बसल्यावर नंबर आला. वर्षाराणीनं लातूरचा कागद पुढं केला. डॉक्टरांनी लाल अक्षरं दोनदा वाचली.

"बोल."

"मॅडम, मला कायमचं बंद करायचंय. पर न कापता, न भूल देता. असं काही हाय का?"

"बाईसाठी?" त्यांनी चष्मा काढला. "आज तरी नाही. स्पष्ट सांगते, म्हणजे तू फिरत बसणार नाहीस. कायमचं पाहिजे असेल तर ऑपरेशन. ते फक्त जागा बधिर करूनही होतं, म्हणजे तुझ्या बाबतीत अगदीच अशक्य आहे असं नाही. पण दोन सिझेरियन झालेत, आत चिकटलेलं असू शकतं, मधेच पूर्ण भूल द्यायची वेळ येऊ शकते. तुझ्या मनात भीती असताना मी आग्रह करणार नाही."

"मोबाईलवर एक स्प्रिंग दाखवत होते."

"होती. परदेशात नळीत बसवायचे. बायकांच्या फार तक्रारी आल्या, काही वर्षांपूर्वी बंद झाली."

"अन् गोळ्या?"

हे केवळाबाईंनी विचारलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं.

"कुठल्या गोळ्या?"

"आत ठेवायच्या. सात."

"मावशी, त्याच्यावर अठ्ठ्याण्णव साली बंदी आली. मलेरियाचं औषध होतं ते. गर्भाशयात ठेवलं की आत जखम करून नळीचं तोंड बंद करायचं, असा त्याचा हिशोब. नीट तपासणी होण्याआधीच काही ठिकाणी बायकांना ठेवून टाकलं. तुम्हाला कसं माहीत?"

केवळाबाईंनी पदर सारखा केला. "मला दोनदा ठेवलत्या. तिसऱ्या वर्सी पोरगा झाला. आता तीस वर्सांचा हाय. त्याला त्या गोळ्यांनी आतून काही झालं आसंल का? आता, पुढं काही होईल का?"

खोलीत नर्स होती, दारात पुढची पेशंट उभी होती. डॉक्टरांनी दार लोटून घ्यायला सांगितलं.

"जन्मला तेव्हा नीट होता?"

"हाव."

"वाढला नीट? काम करतो? त्याला लेकरं आहेत?"

"हे त्याचंच," वर्षाराणीनं शिवांशला उचलून धरलं.

"मग आता त्या गोळ्यांची काळजी कशाला करता? तीस वर्षं हे डोक्यात घेऊन फिरत होतात का?"

केवळाबाईंनी मान हलवली. डॉक्टरांनी त्यांनाही तपासलं, सोनोग्राफी लिहून दिली. तीही त्याच दिवशी झाली. काही वावगं निघालं नाही. मग त्यांनी वर्षाराणीला समोर बसवून एकेक पर्याय सांगितला. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. दंडात कातडीखाली बसवायची काडी, ती काही वर्षं चालते. तांबी, दहा वर्षं. "ती वर चढून काळजात जाते असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. आणि तू आज अठ्ठावीसची. दोनदा बसवलीस की पाळी जायचं वय येतं."

"अन् कायमचं?"

"कायमचं, न कापता, बाईसाठी नाही. पुरुषासाठी मात्र त्याच्या जवळपास जाणारं आहे. बिनटाक्याची नसबंदी. एक बारीक छिद्र, जागेपुरती बधिर, अर्ध्या तासात चालत घरी, आठ दिवसांत सगळं काम. नवऱ्याशी बोल. बोलण्यासारखा आहे का?"

"हाय," वर्षाराणी म्हणाली. केवळाबाई खिडकीकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बजरंग जेवायला बसला तेव्हा वर्षाराणीनं त्याला सगळं सांगितलं. नांदेडची जाहिरात, पडद्याची खोली, सौदामिनी डॉक्टर. सासूची गोष्ट तेवढी गाळली. आठ महिने ती त्याच्यापासून लांब का राहिली हेही सांगितलं. श्वास थांबला त्या क्षणांविषयी ती पहिल्यांदाच बोलली. बजरंगनं घास ताटात ठेवला.

"हे मला आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला मीच नको झालो."

मग जरा थांबून म्हणाला, "मी करून घेतो. त्यात काय."

"न्हाई!" केवळाबाई चुलीपाशी होत्या, त्या उठून आल्या. "माज्या लेकराला कुणी हात लावायचा न्हाई. पोती कोण उचलंल? रान कोण बघंल? गड्याला हे आसलं सोसत न्हाई. वर्षे, तू तांबी बसवून घे."

"माय, डॉक्टरनं सांगितलंय, आठ दिवसांत सगळं काम होतंय."

"डॉक्टर काय बी सांगतेत!"

वर्षाराणीनं सासूकडं नुसतं पाहिलं. ताट उचलून ती बाहेर गेली.

दोन दिवस केवळाबाईंनी तो विषय निघू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बजरंग हरभऱ्याला तुषार सिंचन लावत होता. पाईप जोडून झाल्यावर त्यानं पाहिलं, तर बांधावर त्याची आई बसलेली. इतक्या लांब त्या आताशा चालत येत नसत.

"काय झालं, माय?"

"बस इथं."

आणि गाडीत सुनेला सांगितलं तेच त्यांनी मुलालाही सांगितलं. या वेळी खिडकी नव्हती. समोर त्याचा चेहरा होता, म्हणून जास्त वेळ लागला. तुषार फिरत होते, मधूनच वाऱ्यानं पाण्याचे थेंब दोघांच्या अंगावर येत होते. सांगून झाल्यावर बजरंग बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राहिला.

"म्हंजी मी नको होतो."

"तुला मी कुठं वळखत होते रं तवा?" केवळाबाई म्हणाल्या. "मला बाळंतपण नको होतं. मरायचं न्हवतं मला. तीन पोरी होत्या पदरात."

"अन् मला आज कामून सांगितलंस?"

"परवा तू म्हणलास, मी करून घेतो. अन् मी आडवी आले. मग घरात बसून इचार केला, का तवा तुज्या बापानं आसं एकदा म्हणलं आसतं, तर मी त्या पडद्यामागं गेले नसते."

बजरंग उठला, पाण्याची तोटी फिरवली, पाईप पुढच्या ओळीला नेऊ लागला. केवळाबाई एकट्याच घरी परतल्या.

पुढचे तीन दिवस तो आईशी कामापुरतं बोलला. शेतावर डबा मागवून घ्यायचा. वर्षाराणीला भीती वाटली, की हे आता असंच राहतं की काय. तिनं विचारलं तर म्हणाला, "राग न्हाई आला. काय म्हणावं ते सुधरत न्हाई." चौथ्या दिवशी मात्र तो घरी जेवायला आला आणि आईसमोरच पाट ओढून बसला.

"माय, मग तू दरसाल माहूरला जाऊन रेणुकेपुढं काय म्हणायचीस?"

केवळाबाईंनी भाकरी त्याच्या ताटात टाकली. "म्हणायचे, माफ कर. अन् म्हणायचे, बरं झालं माजं ऐकलं न्हाईस."

बजरंगला हसू आलं. मग त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पाण्याच्या तांब्याआड लपवले. भाकरी संपवून तो म्हणाला, "परवा लातूरला जातो. पार्वतीबाईला फोन केलाय."

"मी येते संगं," केवळाबाई म्हणाल्या.

लातूरच्या दवाखान्यात आलोक नावाचे तरुण डॉक्टर होते. ते काम करणार होते. संमतीचा कागद बजरंगपुढं आला, तो सही करणार एवढ्यात केवळाबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आधी वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "सगळं."

डॉक्टरांना जरा नवल वाटलं, पण त्यांनी वाचलं. मधे मधे केवळाबाई थांबवून विचारत होत्या. बधिर करायचं औषध कोणतं? त्याचं नाव यात लिहिलंय का? सूज आली तर कुणाला फोन करायचा? वजन कधीपासून उचलायचं? उलटं करता येतं का? डॉक्टर म्हणाले, उलटं करता येईलच असं धरू नका, कायमचं समजूनच करा. आणि लगेच परिणाम होत नाही, तीन महिन्यांनी तपासणी करायची, तोवर निरोध वापरायचा. केवळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी कागदाची एक प्रत मागून घेतली, तिची घडी करून पिशवीत ठेवली आणि मग मुलाला म्हणाल्या, "कर आता सही."

त्या आणि वर्षाराणी बाहेरच्या बाकावर बसल्या. वर्षाराणी सारखी दाराकडं बघत होती. केवळाबाईंनी शिवांशला पायांवर घेऊन झोके दिले. वर्षाराणीचा हात सासूच्या मांडीवर होता. पंचवीस मिनिटांनी बजरंग जरा जपून पाय टाकत बाहेर आला.

"झालं?"

"झालं. चहा पिऊ, चल."

आठवडाभर त्यानं पोतं उचललं नाही. गावात कुणीतरी कुजबुजलं, पारावर एकानं त्याला तोंडावर विचारलं, "काय बजरंगा, आता बसून मुतावं लागतंय का?" बजरंग म्हणाला, "तू ये बघायला." सगळे हसले आणि तो विषय तिथंच संपला. नवव्या दिवशी तो रानात होता. तीन महिन्यांनी लातूरला तपासणी झाली, अहवाल चांगला आला. त्याच दिवशी वर्षाराणीनं पोरांची अंथरुणं उचलून आपल्या खोलीत नेली. केवळाबाई म्हणाल्या, "मोठीला राहू दे माज्याजवळ, मला करमत न्हाई." तशी मोठी तिथंच राहिली.

श्वास अडकल्याची आठवण वर्षाराणीला अजून मधून मधून येते. पण आता ती आली की वर्षाराणी ते कुणालातरी सांगते, बहुतेक वेळा बजरंगला. पार्वतीबाईंबरोबर ती दोन-तीन घरीही जाऊन आली. बायका तिला विचारतात, न कापता कायमचं काही आहे का. ती सौदामिनी डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगते. आणि नंबर जाहिरातीतला असेल तर फोन लावू नका म्हणते.

उन्हाळ्यात केवळाबाईंची थोरली मुलगी अयोध्या माहेरी आली. तिघी ओट्यावर बसून वाळल्या मिरच्यांची देठं काढत होत्या. बजरंगनं बहिणीला फोनवर आपलं ऑपरेशन सांगितलं होतं, त्यावरून बोलणं निघालं. बोलता बोलता केवळाबाईंनी मुलीलाही आपली गोष्ट सांगून टाकली. आता ती सांगणं त्यांना तितकं जड जात नव्हतं.

अयोध्येनं ऐकून घेतलं. हातातली मिरची सुपात टाकली.

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली.

"तुला कसं?"

"मी होते की संगं. तू मला बाहेर बाकड्यावर बसवलंस. एक पेरू घेऊन दिलतास. तू लई येळ आलीच न्हाईस. परत येताना गाडीत तू पोट धरून बसलीस अन् मी तुज्या पाठीवरून हात फिरवत होते."

केवळाबाईंनी आजवर ही गोष्ट तीनदा सांगितली होती, पण त्यात थोरलीचं नाव आलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं धरून त्या तिला विसरूनच गेल्या होत्या.

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस, बाई?"

"तूच म्हणलीस ना, घरी कुणाला सांगू नको म्हणून."

केवळाबाई मुलीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मिरचीचे हात पदराला पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवले. वर्षाराणी उठून आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.